नाना कचेरीत कशाला गेले?

आज सकाळी माझे वडील, म्हणजे नाना, इस्त्रीचा सदरा घालून निघाले. "कचेरीत जाऊन येतो," एवढंच म्हणाले.

आमच्या धरणगावात पाटीवर तहसीलदार व तालुका दंडाधिकारी असं लिहिलेलं असलं तरी लोक कचेरीच म्हणतात. दाखला काढायचा असला की माणूस दाखल्याला चाललो म्हणून सांगतो. काम न सांगता कचेरीत जाणारा जमिनीचं काहीतरी करतोय, असंच घरचे धरून चालतात.

दुपारी काका दारात उभे. "नाना कचेरीमा काबर गयात? हातमा सातबारा व्हता म्हणे." दोघा भावांची शेती अजून सामाईक आहे. काकांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. खरं सांगते, शंका मलाही आलीच होती.

नाना परतले, तर "काम होतं" यापुढे बोलेनात. "मग आता वाटणीच करू," म्हणत काकांनी चपला घातल्या.

ते गेल्यावर नानांनी मला सांगितलं. काकांच्या मुलाला, माझ्या चुलत दादाला, मारामारीत पोलिसांनी धरलं होतं. दंडाधिकाऱ्यांसमोर त्याला जामीनदार हवा होता. नाना स्वतःचं नाव असलेला सातबारा घेऊन उभे राहिले. "बाबांना सांगू नका," अशी शपथ दादाने त्यांना घातली होती.

कचेरीचं नाव निघालं की तुमच्याकडेही पहिला संशय सख्ख्या भावावरच जातो का?

काका फेसबुकवर नाहीत. दादा आहे, आणि माझी पोस्ट तो वाचतोच. दादा, तू सांगतोस की मी सांगू?