कुंदा मॅडमच्या वेलांट्या

कुंदा मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये आठवीचा तास घेत होतो. फोन त्यांच्या मुलाचा होता. "सर, आई सकाळी गेली," एवढंच तो म्हणाला. पोरं खाली मान घालून टाइप करत होती. मी त्यांना काही सांगितलं नाही. बोललो असतो तर रडलो असतो, आणि वर्गात रडलेल्या मास्तरचं पुढे वर्षभर काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. तास संपेपर्यंत खिडकीशी पाठमोरा उभा राहिलो. आता महिना होत आला, तरी एवढं लिहिताना दोनदा शब्दकोश उघडून झाला. त्या वाचतील अशी भीती अजून जात नाही...

त्या मराठीच्या, मी कॉम्प्युटरचा. आमची ओळख भांडणातूनच झाली. वर्गासाठी मी एक विकी सुरू केला होता, म्हणजे पोरांनी मिळून लिहायची पानं. एकाने लिहावं, दुसऱ्याने भर घालावी, तिसऱ्याने दुरुस्त करावं, आणि कोणी काय बदललं याची नोंद आपोआप राहावी. पहिलं पान भिवापूरच्या मिरचीवर होतं. मॅडमचं माहेर भिवापूरचं, म्हणून मोठ्या हौसेने दाखवायला गेलो. चष्मा लावून त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, "मिरचीचं राहू दे गा. या 'आणि'ले दुसरी वेलांटी कोणं देल्ली?" मी म्हटलं, तुम्हीच दुरुस्त करा, इथे कोणालाही करता येतं. त्यांनी ते पान माझ्याकडून छापून घेतलं, लाल पेनाने रंगवलं आणि दुसऱ्या दिवशी परत दिलं. "घे, आता हे आत टाक." असा मी त्यांचा टायपिस्ट झालो. शेवटी कंटाळल्या मात्र त्याच. "तू तं दुरुस्त करता करता नव्या चुका करून राहिला. सरक," म्हणत खुर्चीवर बसल्या आणि एका बोटाने टाइप करायला शिकल्या.

केलेल्या बदलाचं कारण लिहायला खाली एक छोटी चौकट असते. पोरं तिथे 'असंच' असं लिहून मोकळी व्हायची. मॅडम पूर्ण वाक्य लिहीत. "शेवटची वेलांटी दुसरी असते, पण 'आणि' ऐकत नाही. तुझ्यासारखाच आहे." पोरं पान सोडून त्या चौकटी वाचायला यायची. मॅडमचं बोलणं अस्सल वऱ्हाडी आणि लिहिणं काटेकोर. तरी कोणी आजीचं बोलणं जसंच्या तसं 'मले', 'तुले' करून लिहिलं, तर त्याला कधी हात लावला नाही. ते बोलणं आहे, चूक नव्हे, असं त्याच चौकटीत लिहून ठेवत.

मग त्या निवृत्त झाल्या. यजमान आधीच गेलेले, मुलगा पुण्याला, गुडघे कामातून गेलेले. सदर भागातल्या फ्लॅटमध्ये दिवसभर करायचं काय, याची त्यांना धास्ती होती आणि मला त्यांची. मुख्याध्यापकांना विचारून मी विकीवरचं त्यांचं खातं चालू ठेवलं. सकाळचा चहा झाला की त्या लॅपटॉप उघडत, आणि दुपारी त्यांच्या फोनवरून मला वर्गाची खबर मिळे. पुढच्या वर्षी कसल्याशा कार्यक्रमाला शाळेत आल्या तेव्हा पोरांना म्हणाल्या, "तुम्ही आता चुकतच नाही. माझं काम संपलं म्हणायचं." हसतच म्हणाल्या, पण मला ते हसू आवडलं नाही.

आणि त्यानंतर विकीवर चुकांचा नुसता पूर आला. "काय शिकवून राहिला गा तू पोट्ट्याइले? 'नदी' पहिली, 'पाणी' पहिली, सारंच उलटं!" फोनवर त्यांचा आवाज कसा खणखणीत लागला. मी वर्गाला चांगलं झापलं. पोरं खाली माना घालून हसत होती, आणि माझ्या डोक्यात काही म्हणता काही शिरलं नाही. पहिल्या नंबरच्या मृण्मयीने एका पानाखाली स्वतःचं नाव 'म्रुन्मयि' असं लिहिलं, तेव्हा मॅडमचा पुन्हा फोन आला. "अरे, सोताचं नाव कोणी चुकते काय? मुद्दाम करून राहिले हे पोट्टे. मी रिकामी बसू नये म्हणून..." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्याइले सांगू नोको मले समजलं म्हणून." मी सांगितलं नाही. ती आठवी नववीत गेली, पण जाताना नव्या आठवीच्या कानात सांगून गेली असावी, कारण चुका थांबल्या नाहीत आणि मॅडमही थांबल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात पोरांनी मॅडमवर एक पान लिहिलं. आता दुरुस्तीचं काम आपल्यालाच करायचं आहे, असं मनाशी म्हणत मी ते घरी उघडलं. ओळीमागून ओळ वाचत गेलो. 'आणि' सगळीकडे पहिली. 'शिक्षिका' बरोबर, 'निवृत्ती' बरोबर. अख्ख्या पानात एक चूक नाही. मला इतकं पोरकं कधी वाटलं नव्हतं.

पानाचं पहिलं वाक्य होतं, 'कुंदा मॅडम आमच्या चुका दुरुस्त करत होत्या.' मी 'करत होत्या' खोडलं आणि 'करतात' लिहिलं. कारणाच्या चौकटीत काय लिहावं ते सुचलं नाही, ती रिकामीच ठेवली. फळ्यावर माझा एक अनुस्वार राहिला तरी हात वर करणारी ही पोरं. काल पुन्हा पान उघडून पाहिलं. 'करतात' तसंच आहे.