दोनशे बारा व्हिडिओ आणि एक पंखा

माझ्या नवऱ्याने मागे दोनशे बारा व्हिडिओ ठेवले आहेत आणि एकातही त्यांचा आवाज नाही.

सुधाकर गेले त्याला आज वर्ष झालं. सकाळपासून मेसेज येतायत, "काकू, निदान व्हिडिओ तरी आहेत." कृपा करून हे वाक्य मला पुन्हा पाठवू नका.

नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये यांची सगळी नोकरी छपाई तपासण्यात गेली. भिंग लावायचं, पुसट दिसलं की कागद बाद.

रिटायर झाल्यावर ट्रक चालवायचा एक कॉम्प्युटर गेम लागला. आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलं नाही, आणि इथे अठरा चाकी ट्रक घेऊन परदेशातल्या डोंगरांत. चालवताना बोलत राहायचे. हा घाट कसाऱ्यापेक्षा सोपा, हा वळणावरचा माणूस मूर्ख, वगैरे.

मग ते रेकॉर्ड करून लोकांना दाखवायचं ठरलं.

सॉफ्टवेअरची सगळी माहिती इंग्रजीत. हे मराठी शाळेतले, मी कॉन्व्हेंटची. मी वाचायचे, हे सेटिंग करायचे. बिटरेट वाढवा. फ्रेम्स साठ ठेवा. रेकॉर्डिंग झालं की हे स्क्रीनला भिंग लावून झाडाची पानं बघायचे. पानं फाटली की पुन्हा पहिल्यापासून.

"अहो, ही नोट नाहीये," मी म्हणायचे.

"पुसट ते पुसट."

एकदा मला त्यांनी एक तुकडा ऐकवला. मागे आमच्या छताच्या पंख्याची घरघर. मी म्हटलं, गिरणीत बसल्यासारखं वाटतंय, हे कोण ऐकणार?

त्यावर सॉफ्टवेअरमध्ये उपाय असतो. एक पातळी ठरवून द्यायची, माइकमधला तिच्याखालचा आवाज ते घेतच नाही. माहितीत स्पष्ट लिहिलं होतं, पातळी पंख्याच्या वर पण तुमच्या बोलण्याच्या खाली ठेवा, मग ऐकून खात्री करा.

मी वाचून दाखवलं. आणि वर म्हटलं, अजून चढवा, पंख्याचं नावनिशाण नको.

यांनी चढवली. माझ्या इंग्रजीवर यांचा देवापेक्षा जास्त विश्वास.

ऐकून खात्री मात्र केली नाही. प्रेसचा माणूस, तपासणी डोळ्यांनी. पानं स्वच्छ दिसली, काम पास.

व्हिडिओ कुठे टाकलेही नाहीत. "आधी क्वालिटी जमू दे." मी एकही पाहिला नाही. पलीकडच्या खोलीतून सगळं ऐकूच येत होतं. उलट मीच ओरडायचे, अहो, हळू बोला, मी फोनवर आहे.

आणि हे हळू बोलायचे.

ते गेल्यावर तेराव्या दिवशी मी पहिला व्हिडिओ लावला. ट्रकचं इंजिन, पाऊस, वायपर. पान न् पान दिसतंय. माणूस नाही.

दुसरा लावला. पन्नासावा लावला. दोनशे बाराच्या दोनशे बारा.

कॉम्प्युटर घेऊन द्वारका चौकातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने तासभर खटपट केली. मी त्याला बरंच सुनावलं, एवढी मशिनं मांडून बसलाय आणि एक आवाज काढता येत नाही. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, पुसलेलं असतं तर काढून दिलं असतं. हे घेतलंच गेलं नाही."

पैसेही घेतले नाहीत त्याने. त्याचा मला जास्त राग आला.

आता ऐका, त्या व्हिडिओंमध्ये आवाज कुणाचा आहे.

माझा.

आमच्या नन्स शेवटच्या बाकाशी उभ्या राहून म्हणायच्या, "स्पीक अप, गर्ल." तो आवाज कुठलीही पातळी ओलांडतो. अहो, हळू. अहो, जेवायला. अहो, किती वेळ ते भिंग. दर वेळी पुढे शांतता, म्हणजे हे काहीतरी उत्तर देतायत.

एकशे चाळिसाव्यात मी विचारते, "चहा टाकू का?"

चार-पाच सेकंद नुसतं इंजिन.

मग मी हसते. चांगली खदखदून. पुढेही बराच वेळ हसतेच आहे.

म्हणजे हे काहीतरी बोलले होते. वर्षभर आठवतेय. आठवत नाही.

सुधाकर, फुलं वाहिली, दिवा लावला. नमस्कार करते.

सकाळपासून पंखा बंद ठेवलाय.