खंडेनवमीची विश्रांती

शनिवार, २६ सप्टेंबर २००९. सकाळी पावसाची एक सर, मग कडक ऊन. जान्हवीने पुण्याहून पाठवलेली डिस्क बसवाल्याने आणून दिली. दत्तारामने ती स्वतः बसवली. उद्या खंडेनवमी. झेंडूची फुले आणायची आहेत. परड्यातले दोन भोपळे उतरवले.

सत्यवतीची रोजनिशी अशीच असायची. नन्सच्या शाळेत शिकलेली; तारीख, हवा, आलं-गेलं एवढं नीटस अक्षरात लिहायची आणि वही मिटायची. नवरा गेल्यावर ती मालवणला धाकट्या भावाकडे राहायला आली, ती तिथलीच झाली.

भाऊ, दत्ताराम, मच्छीमार लाँचवर इंजिन ड्रायव्हर होता. उभी हयात त्याने डिझेलच्या वासात काढली. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि आत काय दुखतंय ते सांगायचं, ही त्याची विद्या. त्याची बायको लक्ष्मी मालवणच्या बाजारात मासे विकायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. नवरा महिनोन्‌महिने वेरावळकडे लाँचवर असायचा, तेव्हा ती शेजाऱ्यांच्या टेपरेकॉर्डरसमोर बसून कॅसेट भरायची आणि तिकडे जाणाऱ्या खलाशाबरोबर पाठवून द्यायची. जान्हवीला ताप आला, सुरमईला भाव नाही, घरावरची कौलं फुटली, सगळं त्यात असायचं. मध्येच दटावणी: "आयकतास मां? इंजिनाक तेल घालतास, तसा जरा सोताच्या डोक्याकय घाला!" मागून बाजारातल्या बायकांसारखं तिचं खणखणीत हसू.

२००५ साली काविळीने लक्ष्मी गेली. कॅसेटी पेटीत राहिल्या आणि खाऱ्या हवेने त्यांना बुरशी धरली.

जान्हवी, त्यांची एकुलती एक लेक, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. २००७च्या चतुर्थीला ती आली आणि एकेक कॅसेट वाजवून कॉम्प्युटरवर उतरवायला बसली. फीत इतकी चिकटलेली की एकदा वाजली की तुटायची. तुटलेली गुंडाळी दत्ताराम मुकाट्याने उचलून बाहेर टाकायचा. सगळं उतरवून झाल्यावर तिने आपला कॉलेजातला जुना कॉम्प्युटर उघडला, त्यात दोन डिस्क बसवल्या, वायर वाशांवरून ओढत पडवीपर्यंत आणली आणि तिथे एक जुना लॅपटॉप ठेवला. आतल्या खोलीतला कॉम्प्युटर हा सर्व्हर, पडवीत आवाज.

"दोन डिस्का कशाक गो?" दत्तारामने बॅटरीचा उजेड धरत विचारलं.

"एकीत जा जाता, ता दुसरीतय जाता, बाबा. एक बुडली तरी दुसरी तरंगता."

"म्हणजे डबल इंजिन!"

"तसाच समजा."

दत्तारामला हे पटलं. त्याने सर्व्हरसाठी इन्व्हर्टर बसवला. गावाचे दिवे गेले तरी आतली घरघर थांबत नसे. संध्याकाळी चहा घेऊन तो पडवीत बसायचा आणि लक्ष्मीचं एक रेकॉर्डिंग लावायचा. स्वयंपाकघरातून सत्यवती ओरडायची, "गेली तरी हिचो बाजार काय उठना नाय!" दत्ताराम हसायचा. दिवसाकाठी तो तेवढंच हसायचा.

२००९च्या सप्टेंबरात दोनातली एक डिस्क गेली. जान्हवीने नवी पाठवली आणि फोनवरून ती बसवून घेतली. शेवटी म्हणाली, "आता जुनी डिस्क नवीक सगळा शिकयता. उद्या रात्रीपर्यंत चलतला. हात लावू नकात हां, बाबा."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. लाँचवर असताना दत्तारामने या दिवशी कधी इंजिन चालवलं नव्हतं. मालक चिडो, मासळी किनाऱ्याला लागो, इंजिन बंद. ते धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि त्याला निजू द्यायचं. राबणाऱ्याला वर्षातून हा एक दिवस. सर्व्हरला मात्र तो कधीच मिळाला नव्हता. आदल्या दोन्ही नवमींना जान्हवी घरी होती, तिने बंद करू दिला नव्हता. आणि आता एक डिस्क मेली. दत्तारामच्या मते ती मेली ती विश्रांती न मिळाल्यानेच. दुसरीवरही ती पाळी येऊ द्यायची नव्हती.

"अरे, तिना हात लावू नको म्हणान सांगल्यान मां?" सत्यवती म्हणाली.

"अक्का, घडीभर. भरती अर्ध्यार थांबली म्हणान दर्या आटता काय?"

सत्यवतीनेच फुलांचं ताट पुढे केलं.

जान्हवीने शिकवल्याप्रमाणे त्याने सर्व्हर रीतसर बंद केला. धूळ पुसली, डब्याला हळदकुंकवाची बोटं लावली, झेंडू वाहिला. त्या दुपारी घर पहिल्यांदाच इतकं गप्प होतं.

दिवेलागणीला त्याने बटण दाबलं. दिवा लागला. नवी डिस्क घुमू लागली. जुनीतून फक्त टक, टक आवाज आला. त्याने स्क्रू-ड्रायव्हर टेकवून कान लावला. आतलं चक्र धरून बसलं होतं. दोन वर्षं तापलेलं, ते थंड झाल्यावर गच्च बसलं होतं. गार इंजिन असं करतं, हे त्याला ठाऊक होतं. मग हँडल मारायचं, पुन्हा मारायचं, धरेपर्यंत सोडायचं नाही. तो बंद-चालू, बंद-चालू करत राहिला. तळहाताने दोन थापा मारल्या. चक्र एकदाचं फिरलं, पण आतून खरवडल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

त्याने पुण्याला फोन लावला. काय काय केलं ते सगळं सांगितलं.

"बाबा, तुमी जेवलात?" जान्हवीने विचारलं, आणि तिचा आवाज फुटला. "चूक माझी. मी सीडी काढून ठेवूक व्हयी होती. दोन डिस्का आसत म्हणान निवांत रवलंय."

"तू कशाक रडतंस गो चेडवा? बंद मी केलंय."

डिस्क पुण्याला गेली. तिथे डिस्क उघडून दुरुस्त करणारे होते. दिवाळीला जान्हवी आली आणि पडवीत वडिलांसमोर बसली. तबकडीवरचा थर खरवडून गेला होता, काही निघण्यासारखं नव्हतं. नव्या डिस्कवर जे उतरलं होतं, त्यात थोडे फोटो होते. आवाज एकही नव्हता.

तिने लॅपटॉपवर एक फोटो लावला. मालवणचा बाजार, पाटीत बांगडे, आणि लक्ष्मी हात उगारून कुणावर तरी ओरडतेय, तोंड पूर्ण उघडं.

दत्ताराम पुढे वाकला. "काय बोलता ती?"

जान्हवीने सत्यवतीकडे पाहिलं. कुणाला ठाऊक असणार?

"आयकतास मां," तो हळूच म्हणाला. मान हलवली. पुन्हा म्हणाला, जरा वरच्या पट्टीत. "आयकतास मां?" तो त्याचाच घोगरा आवाज होता. त्याने लॅपटॉप मिटला आणि पाय ओढत परड्यात गेला. आत्या आणि भाची हाका मारत राहिल्या. तो आला नाही.

त्या संध्याकाळी सत्यवतीने लिहिलं: हवा कोरडी. जान्हवी आली. भात पुष्कळ उरला. पाणी घालून ठेवला आहे.