गाडी म्हातारी झाली म्हणे

माझ्या मोटारसायकलला पहिल्यांदा म्हातारी म्हणाला तो माझाच मुलगा. दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी भाजी आणायला निघालो, बटण दाबलं, तर सेल्फची मोटर कण्हत कण्हत अर्धा फेरा फिरली आणि थांबली. पुन्हा दाबलं तर नुसतंच टक. मुलगा डबा घेऊन कंपनीच्या बसला निघाला होता. जाता जाता म्हणाला, म्हातारी झाली आता ती बाबा, काढून टाकू. आणि गेला. ज्या गाडीवर बसून हा दहावीच्या पेपरांना गेला, तिच्याबद्दल एवढंच.

गाडी अठरा वर्षांची आहे हे मला कुणी सांगायला नको. पण अठरा वर्षांत तिचं ऑइल एकदाही उशिरा बदललेलं नाही. पावसात उभी राहिली तर मी आधी तिला पुसतो, मग स्वतःला. गाडी खराब होते ती वयानं नाही, माणसांच्या हलगर्जीपणानं, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्याला सारखंच सांगत असे.

एरवी सेल्फ बंद पडला तर माणूस किक मारतो आणि निघतो. मला ती सोय राहिली नव्हती. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, जिना चढा, जपून गाडीही चालवा, पण किक मारायची नाही, आयुष्यात नाही. तेव्हा माझं सगळं त्या अंगठ्याएवढ्या बटणावर आलं होतं. बटणावर गाडी सुरू झाली तर मी मोकळा माणूस. नाही झाली तर कुणीतरी कुठंतरी नेऊन पोचवायचं सामान.

मुलानं मुदतच घातली. एक महिना बघू, तोवर नीट झाली नाही तर विकू. वैजापूरला मार्केट यार्डात कांद्याच्या आडतीवर काम करणारा एक जण त्याच्या ओळखीतून तयारही होता. त्याचे गुडघे शाबूत, त्याला सेल्फशी देणंघेणं नव्हतं. महिना संपल्यावरच्या रविवारी येऊन घेऊन जातो म्हणाला. माझी गाडी, आणि तिची बोलणी मला न विचारता फोनवर झालेली.

आता मी कोण, तेही सांगून टाकतो, म्हणजे माझा संताप समजेल. मी एकोणतीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात रंगकामाच्या विभागात तपासनीस होतो. ट्यूबलाइटखाली लोखंडाचे भाग यायचे, मी चष्मा लावून एकेक फिरवून बघायचो आणि जिथं डाग, ओघळ किंवा सुटलेली जागा दिसेल तिथं लाल खडूनं गोल करून परत पाठवायचो. माझ्या हाताखालून डाग असलेला माल गेला नाही. माझ्यामागं लोक मला काय काय म्हणायचे ते मला माहीत होतं. म्हणू देत. चूक ती चूक.

तर अशा माणसाला, बिघाड शोधण्यात ज्याचा जन्म गेला त्याला, जो उठेल तो अक्कल शिकवू लागला. बॅटरीवाला म्हणाला बॅटरी गेली. नवी घातली. दोन दिवस सेल्फ बरा फिरला, तिसऱ्या दिवशी पुन्हा कण्हणं. मुकुंदवाडीचा माझा नेहमीचा मेकॅनिक म्हणाला रिले गेला, म्हणजे मोटरला वीज सोडणारा स्विच. रिले बदलला. मग म्हणाला मोटरचे कार्बन घासलेत. तेही बदलले. शेजारचे निवृत्त मास्तर गॅलरीतून म्हणाले, प्लग साफ करून बघा. अहो, इंजिन फिरतच नाही तर प्लग काय करणार? चूल पेटवायला काडीच नाही आणि हे फुंकणी पुसा म्हणतात. मी तोंडावर तसं बोललो. मास्तर अजूनही गॅलरीत आले की मान वळवतात.

शेवटी मेकॅनिकनंही हात टेकले. पान्हा खाली ठेवून मला म्हणाला, "काका, आता काय लपवायचं. वय झालं तिचं. लई जीव लावू नका." मी म्हणालो, वय झालं म्हणजे नेमकं काय झालं, कुठला भाग, दाखव. तो दुसऱ्या गाडीकडं वळला. वय झालं हे उत्तर नसतं. ज्याला बिघाड सापडत नाही तो वयावर ढकलतो, डॉक्टर असो की मेकॅनिक. मला तर वाटायला लागलं की हे सगळे गाडीबद्दल बोलतच नाहीत.

त्यातच गुलमंडीचा प्रकार झाला. सकाळी घरून गाडी कशीबशी सुरू झाली होती, म्हणून कुणाला न विचारता चादरी आणायला गेलो. परत निघताना भर बाजारात बटण दाबलं, टक. पुन्हा, टक. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवतायत, पुढं हातगाडी. दोन तरुण पोरं धावत आली, चाचा बैठो, हम धकेलते, म्हणाली आणि मला गाडीसकट ढकलू लागली. दोन्ही भली पोरं होती. पण त्या चाचामध्ये जी दया होती ती माझ्या अंगाला झोंबली. गर्दीत वेग मिळेना, त्यामुळं गाडी धक्क्यानंही सुरू झाली नाही, आणि त्यांना किक मारून द्या म्हणायला माझी जीभ रेटेना. नाइलाजानं मुलाला फोन केला. तो वाळूजहून अर्धी पाळी सोडून आला, घामेघूम. आल्या आल्या पहिलं वाक्य काय, तर एकटे कशाला गेलात. गाडीला काय झालं हे विचारलंसुद्धा नाही. त्यानं किक मारून गाडी सुरू केली, मला मागं बसवलं, आणि मी घरी येईपर्यंत त्याच्याशी बोललो नाही.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी वैजापूरवाला येणार. दुपारी जेवण झाल्यावर मी अंगणात पोतं अंथरलं, गुडघा लांब करून बसलो आणि ठरवलं की आता कुणाचं ऐकायचं नाही, कारखान्यात करायचो तसं एकेक बाद करत जायचं. बॅटरी चांगली, कारण दिवा लख्ख लागतो. रिले नवा, मोटरचे कार्बन नवे. बॅटरीकडून मोटरकडे जाणारी लाल वायर मी टोकापासून टोकापर्यंत चाचपली, ठणठणीत. म्हणजे वीज जाते नीट. मग मनात आलं, जाते ती परत कशी येते? गेलेली वीज लोखंडातून बॅटरीकडे परत यावी लागते, तरच मोटर फिरते. इतके दिवस सगळे जाण्याचा रस्ता तपासत होते. येण्याचा कुणी बघितलाच नव्हता. मीही नाही.

घरात एक जाड वायर होती. तिचं एक टोक बॅटरीच्या वजा बाजूला धरलं, दुसरं सरळ इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं आणि बायकोला बटण दाबायला सांगितलं. एका क्षणात गाडी सुरू झाली. कण्हणं नाही, टक नाही. बायको दचकून मागं सरली. मी बसल्या जागी हसलो. मला त्या घटकेला मेकॅनिक, मास्तर, मुलगा, सगळे अंगणात ओळीनं उभे हवे होते.

म्हणजे अर्थिंग खराब. बॅटरीची काळी वायर सीटखाली सांगाड्याला एका बोल्टनं आवळलेली असते, तिथं घोटाळा. पान्हा लावला, बोल्ट काढला, वायरची कडी बाजूला केली. आणि खाली बघतो तर काळाभोर, गुळगुळीत, चकचकीत रंग. दोन हातांचा. लोखंड कुठं दिसेना. रंगातून वीज जात नाही हे शाळकरी पोरालाही कळतं. बोल्टच्या आट्यांमधून जेवढी झिरपत होती तेवढ्यावर ती बिचारी महिनाभर कण्हत होती.

तो रंग मीच लावून घेतला होता. दर चार-पाच वर्षांनी दसऱ्याआधी गाडी रंगवायची ही माझी पद्धत. कारखान्यात खंडेनवमीला आम्ही मशीन पुसून, रंगवून, झेंडूचे हार घालून पूजा करायचो. ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. मळक्या वाहनाची पूजा मला बघवत नाही. यंदा सांगाडा उघडा करून शहागंजकडच्या एका जुन्या रंगाऱ्याला दिला होता. माझ्याच वयाचा, हाताचा सफाईदार माणूस. काम झाल्यावर मी चष्मा आणि टॉर्च घेऊन तपासायला गेलो, आणि सीटखाली रुपयाएवढी जागा सुटलेली बरोबर पकडली. तिथं त्यानं कागदी पट्टी चिकटवून ठेवली होती. मी ती पट्टी ओढून काढली, चार गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणालो की एकोणतीस वर्षं मी हेच काम केलंय, मला फसवायला जाऊ नका, आणि उभा राहून दोन हात मारून घेतले. तो काहीतरी पुटपुटला होता. मग त्यानं मुकाट्यानं ब्रश उचलला.

अंगणात बसून माझे कान तापले. ब्लेडनं तो रंग खरवडला, पॉलिश पेपरनं घासून लोखंड पांढरं केलं, वायर आवळली. बटणाला बोट लागायचा अवकाश, गाडी सुरू. दहा वेळा बंद करून दहा वेळा सुरू केली. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तसाच गाडीवर बसून शहागंजला गेलो.

रंगारी एका कपाटाला रंग देत होता. मी त्याला सगळं सांगितलं. माफीबिफी मागायला गेलो होतो की भांडायला, हे माझं मलाच नक्की नव्हतं. शेवटी तोंडातून निघालं ते हेच, की तुम्हाला माहीत होतं तर मला सांगितलं का नाही.

"बोललो होतो ना साहेब," तो ब्रश न थांबवता म्हणाला. "इथं रंग नको, इथं वायर बसती, असं बोललो होतो. तुम्ही डागच बघत होतात."

"मग जोरात बोलायचं होतं," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "जोरात बोललेलं तुम्हाला चालतंय व्हय?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू, त्याही वेळी रागच आला. त्यानं चहा मागवला, आम्ही दोघं प्यालो आणि मी निघालो. वाटेत मला ट्यूबलाइटखालचे ते लोखंडाचे भाग दिसत होते आणि त्यांच्यामागं उभी असलेली माणसं, तोंड उघडून पुन्हा मिटणारी. त्यातली किती बरोबर होती कोण जाणे. परत पाठवलेल्या मालाचा हिशेब माझ्याकडं होता, त्या माणसांचा नव्हता.

रविवारी वैजापूरवाला आला. तो किक मारायला पाय उचलतोय तोच मी बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली. तो खूश झाला, म्हणाला, ही तर चांगलीच हाय की. मी म्हणालो, हाय ना, म्हणूनच विकायची नाय. बिचारा एवढ्या लांबून आलेला, चरफडत गेला. मी विजयी मुद्रेनं वळलो तर मुलगा ओट्यावर नव्हता. तो आत जाऊन बसला होता.

मी त्याच्यामागं गेलो. डोक्यात तिडीक उठली होती. बापाची गाडी सुरू झाली आणि याचं तोंड उतरलं. मी सरळ विचारलं, "तुला गाडी बंदच हवी होती ना?"

"हो," तो म्हणाला.

मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, असल्या उत्तराच्या नाही. तो खाली बघूनच बोलत होता. "ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही गाडी घेऊन निघालात की मला कंपनीत काम सुचत नाही. पाय टेकवताना गुडघा दगा देईल, मागून ट्रक येईल, हेच डोळ्यांसमोर येतं. फोन वाजला की आधी घरचा नंबर आहे का बघतो. महिनाभर गाडी बंद होती, तर मी निवांत होतो बाबा."

"मग असं सांगायचं. म्हातारी झाली, म्हातारी झाली, काय लावलं होतंस?"

"सांगितलं होतं. दवाखान्यातून आणलं त्याच दिवशी. नंतर आईसमोर. गुलमंडीहून येतानाही सांगत होतो, तुम्ही तोंड फिरवून बसला होतात."

गुलमंडीहून येतानाचं मला आठवलं. तो बोलत होता हे आठवलं. काय बोलत होता, ते काही केल्या आठवेना.

मी खुर्ची ओढली. गुडघा धड वाकत नाही, बसायला वेळ लागला. म्हणालो, पुन्हा सांग, पहिल्यापासून. तो सांगायला लागला, आणि त्याच्या पहिल्याच वाक्यात मला एक चूक सापडली. ती त्याला तिथल्या तिथं दाखवून द्यावी म्हणून माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं.