काळी वायर

थंडीत टाचांना व्हॅसलीन लावलं की त्या वासासरशी भद्रावतीच्या कॉलनीतली आमची गाडी आठवते. लकव्याने बाबा खाटेला खिळले आणि गाडी हिवाळाभर शेडमध्येच उभी राहिली. जुनी बॅटरी उतरू नये म्हणून आई दर रविवारी धुक्यात बॅटरीची काळी वायर जोडून इंजिन चालू करायची, मग बाबांनी सांगितल्याप्रमाणे ती वायर पुढच्या रविवारपर्यंत काढून ठेवायची आणि बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन फासायची. बाबा आतून कान देऊन ऐकत असायचे. एका रविवारी तिने चावी फिरवली तर नुसतंच टक-टक. मी वळून पाहतो तर भिंतीला धरून बाबा दारात उभे! "मागच्या रविवारी काळी वायर काढली नाई काऊन?" ते ओरडले. "विसरली मी," आई हळूच म्हणाली. आज तिच्या त्या वयाला पोचल्यावर वाटतं, आई विसरणारी बाई नव्हतीच.