खिळ्याला टांगलेली नळी

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी इथं मस्कतमध्ये मालकाच्या दारात गाडी पुसत होतो. "काका, जयभीम. दादा गेले," एवढंच तो बोलला... दादा म्हणजे त्याचे वडील, आळेफाट्याचे सुदामभाऊ मिस्त्री. मला मातीला जाता आलं नाही. काही आठवड्यांनी त्याचा पुन्हा फोन आला. गॅरेज आवरायला घेतलंय म्हणाला, आणि विचारलं, "खिळ्याला ठिबकच्या नळीचा वीतभर तुकडा टांगलाय. टाकून देऊ का?" नंतर सांगतो म्हणून मी फोन ठेवला.

मी निरगुडसरचा. सातवीतच शाळा सुटली. पुढं राजुरीला एका बागाईतदाराकडं ड्रायव्हर म्हणून लागलो. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. लग्न नवीन, घर सोडून राहिलेलो, नोकरी जाईल या धास्तीनं मी हॉर्नसुद्धा दबकत वाजवायचो. थोडी सवड मिळाली की फाट्यावर सुदामभाऊंकडं जायचो. त्यांच्या घरून आलेल्या डब्यात माझ्या वाटणीची भाकरी असायचीच. "पावणं, आधी जेवा. गाडी काय पळून जात न्हाई," म्हणायचे. गाडी आली की ते लगेच बॉनेट उघडत नसत. आधी ड्रायव्हरला बसवून सगळं विचारायचे... गार असताना होतं का तापल्यावर, चढाला का उताराला. आजारी माणसाबरोबर आलेल्या नातेवाइकाला विचारावं, तसं.

अण्णांच्या पांढऱ्या पेट्रोल गाडीला तेव्हा एक रोग लागला होता. सकाळी निघताना गुणी बाळ. नारायणगाव येईतो तापली, की मी पाय काढला तरी इंजिन आपलं घोंगावतच राहायचं, जणू दुसराच कुणी अ‍ॅक्सिलेटर दाबून बसलाय. मध्येच बंदुकीसारखा फटका काढायची. बाजारात एका म्हातारीच्या हातातली पाटी पडली. पारावरची पोरं म्हणायची, "आता आपल्या शिवारात वाघ येत न्हाई राव, अण्णांच्या गाडीला भेतो." अण्णांना हसं करून घेणं सोसायचं नाही. त्यांनी ठरवलं की मी पाय अ‍ॅक्सिलेटरवर ठेवूनच गाडी हाकतो, आणि पुढच्या बाजारापर्यंत दुसरा ड्रायव्हर बघायचा.

सुदामभाऊंनी दोनदा कार्बोरेटर धुतला, टायमिंग लावलं. गॅरेजात उभी असताना गाडी शहाणी. तिसऱ्या वेळी ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, ती बिघडेपर्यंत चालव. फिरून फिरून गाडी घोंगावायला लागली तशी आम्ही अण्णांच्या अंगणात आणली. इंजिन चालूच ठेवून त्यांनी बॉनेट उघडलं आणि तांब्यातलं पाणी एकेका नळीवर बारीक धारेनं सोडत गेले. एका नळीवर पाणी पडलं आणि इंजिन एकदम निवलं. पाणी ओघळून गेलं, पुन्हा घोंगावलं.

ती ठिबकची नळी होती. मागं कांदे साठवायच्या बराखीत गाडी लावलेली असताना उंदरांनी रबरी नळी कुरतडली होती. फाट्यावर तशी नळी मिळाली नाही, अण्णांना घाई, म्हणून भाऊंनी शेतातलाच ठिबकचा तुकडा कापून बसवला होता, उद्या बदलू म्हणून. तो उद्या राहून गेला. गार असताना नळी घट्ट, तापली की मऊ पडून सैल व्हायची आणि तिथून हवा ओढली जायची. रेस त्यानं, फटके त्यानंच.

अण्णा ओट्यावर बसले होते, चार माणसं भोवती. भाऊ नळी हातात घेऊन गेले. "अण्णा, चूक माझी हाय. डायवरचा पाय साफ हाय."

"तुमच्या हातात गाडी दिली हीच आमची चूक," अण्णा म्हणाले. "तुमी लोकं..." पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही. ते गाडीबद्दल नव्हतं, भाऊंच्या वस्तीबद्दल होतं, आणि तिथल्या प्रत्येकाला ते कळलं. ज्यांच्या घरची भाकरी मी रोज खात होतो, त्यांच्याबद्दल. मी फडकं घेतलं आणि काच पुसायला लागलो. काच स्वच्छच होती.

भाऊंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, नवी रबरी नळी बसवली आणि फाट्याकडं चालत निघाले. त्यांना सोडून ये, असं अण्णा म्हणाले नाहीत. सोडून येऊ का, असं मीही विचारलं नाही.

माझी नोकरी राहिली. पुढच्या खेपेला गॅरेजवर गेलो तर डब्यात माझी भाकरी होती... नळी मात्र खिळ्याला टांगलेली. पुढं आपल्या नात्यातल्या एकाला सांगून इकडची नोकरीही भाऊंनीच लावून दिली. निघताना म्हणाले, "तिकडं लई ऊन असतंय. नळ्या बघत जा." दर सुट्टीला त्या दिवसाचं बोलायचं ठरवून जायचो, आणि त्यांच्याकडं जेवून परत यायचो.

काल मीच मिलिंदला फोन केला. त्या नळीचं दादा काय सांगायचे, विचारलं.

"येईल त्याला सांगायचे, ही माझी चूक हाय. राजुरीला लई बोलणी खाल्ली म्हणायचे."

"तिथं कोण कोण व्हतं म्हणायचे?"

"अण्णा आन् त्यांची माणसं. तुमी नव्हता ना त्या दिवशी? दादा म्हणायचे, आपला पावणा तेवढा गावाला गेलता, त्यानं ऐकलं असतं तर त्याला लई लागलं असतं."

मी म्हणालो, नळी काढू नको, तिथंच राहू दे.

"आन् कुणी इचारलं तर?"

"सांग, पावणा व्हता तिथं. काच पुसत व्हता."