शिंगं मोठी, हरीण लहान

किस्से आणि फ्रीझरमधलं मांस, दोन्हींचं एकच. काढतो त्याहून जास्त साठतं. आम्ही तीन-चार मराठी टाळकी दर हिवाळ्याआधी लंडनच्या बाहेर रानात शिकारीला जातो. लंडन म्हणजे आमचं, कॅनडातलं. मी आयुष्यभर वार्ताहर, त्यामुळे सरकारी नियम दिसला की आधी भांडतो, मग वाचतो. आमचे म्होरके अण्णा शेलार, रिटायर्ड इंजिनियर, मूळचे कोल्हापूरचे. ते आधी वाचतात आणि मग गप्प बसतात. आमचं पटतं ते त्यामुळेच.

*

नागपूरचा किरण इथे सॉफ्टवेअरमध्ये. लायसन्स मिळाल्याच्या आनंदात त्याने एक छोटी पॉइंट टू-टू रायफल घेतली आणि हरणाला निघाला. अण्णांनी त्याला पार्किंगमध्येच अडवलं. ही ससे-खारींची बंदूक, हरणाला चालत नाही म्हणाले. किरण म्हणे, गोळी ती गोळीच. मला पटलं. सामान्य माणसाने स्वस्तातली बंदूक घेतली की लगेच नियम आडवा!

मी तिथूनच वन्यजीव खात्याला फोन लावला. पलीकडे केली नावाची अधिकारी होती. माझा आवाज चढेपर्यंत तिने ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "एवढीशी गोळी पोटात घेऊन हरीण किती लांब पळतं, पाहिलंय कधी?"

मंत्र्यांना मी घाम फोडलेला आहे. त्या दिवशी मात्र थँक्यू म्हणून फोन ठेवला. किरण हल्ली त्या रायफलीने सूपचे रिकामे डबे पाडतो.

*

किरणचे वडील व्हिजिटर व्हिसावर आले होते. रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी अण्णांना विचारलं, हरणाला भाला चालतो का? अण्णांनी नियमांचं बुकलेट उघडून शांतपणे वाचून दाखवलं. बंदूक आहे, धनुष्य आहे, क्रॉसबो आहे. भाला नाही.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे या देशात पराक्रमाला लायसन्सच नाही."

*

बंदुकीचा सीझन चालू असेल तेव्हा धनुष्यवाल्यांनीही अंगावर आणि डोक्यावर भडक नारिंगी घालायचं, असा नियम आहे. एकमेकांना हरीण समजू नये म्हणून. एकदा अण्णांची टोपी सापडेना. शेलार वहिनींनी पाडव्याच्या मिरवणुकीतला भगवा फेटा काढला आणि त्यांच्या डोक्याला झकास बांधून दिला.

रानाच्या तोंडाशी नेमकी ती फोनवरची केली उभी. तिने अण्णांभोवती एक चक्कर मारली, फेट्याला मनापासून छान म्हणाली आणि सांगितलं, हा रंग नियमात बसत नाही. मी वाद घातला, संस्कृती काढली, मल्टिकल्चरलिझम काढला. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती, आडवी. शेवटी गाडीतून तिने स्वतःची जादा टोपी आणून दिली.

वहिनींना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "कोल्हापूरच्या फेट्याला फिका म्हणणारी पहिलीच बाई बघितली."

*

मग अण्णांचा खांदा गेला. ऑपरेशन झालं, फिजिओ झाली, पण धनुष्य ओढवेना. अण्णांनी बंदूक कधी हातात धरलेली नाही. त्यांच्या धनुष्याला टोकांशी चाकं आहेत, स्क्रू सैल केले की ते ओढायला हलकं होतं. तसं त्यांनी केलं आणि खूश होऊन क्लबच्या रेंजवर आले. त्या दिवशी केली तिथे सगळ्यांची हत्यारं तपासायला आली होती. हरणासाठी धनुष्याचा ताण अमुक इतका हवाच, त्याच्या खाली चालत नाही. तिने अण्णांचं धनुष्य काट्याला लावलं. कमी भरलं.

"सॉरी, मिस्टर शेलार," ती म्हणाली.

किरणने क्रॉसबो सुचवला. दोरी मशीनने ओढायची, खांद्याला त्रास नाही. अण्णा म्हणाले, ती बंदूकच, फक्त आवाज करत नाही. मी घरी जाऊन म्हाताऱ्यांवरच्या अन्यायावर आमच्या साप्ताहिकासाठी जळजळीत लेख लिहिला आणि अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकला.

"छापू नकोस," ते म्हणाले. "नियम माझ्यासाठी नाही, हरणासाठी आहे. बाण अर्धवट शिरला तर ते दोन दिवस मरत राहील. त्याला माझं वय काय माहीत?"

पुढच्या शनिवारी रेंजवर त्यांनी स्क्रू पुन्हा पूर्ण आवळले आणि दोरी ओढून पाहिली. अर्ध्यापर्यंत आली आणि परत गेली. शेजारच्या लेनमध्ये केली सराव करत होती. तिने लगेच मान वळवली आणि स्वतःचं टार्गेट बराच वेळ निरखत बसली.

*

नोव्हेंबरात वहिनींचा मला फोन आला. हे निघालेत, ऐकत नाहीत, भाऊजी, तुम्ही सोबत जा. गेलो. अण्णा त्यांच्या नेहमीच्या मेपलच्या बुंध्याशी फोल्डिंग खुर्चीवर बसले. नारिंगी टोपी, नारिंगी जाकीट, खिशात लायसन्स, मांडीवर पूर्ण ताणाचं धनुष्य. मी मागे, थर्मास आणि धपाट्यांचा डबा घेऊन.

ऊन वर आलं तसं हरीण आलं. नर. शिंगं अशी की वहिनींची आठवड्याची धुणी वाळली असती. समोर येऊन उभं राहिलं, अगदी खडा मारावा इतकं जवळ. अण्णांचा हात धनुष्यावर होता, तो हलला नाही. त्यांनी हरणाकडे पाहिलं, हरणाने त्यांच्याकडे. मग ते सावकाश पाचोळ्यातून निघून गेलं.

मागे काटकी मोडली. वळलो तर केली. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिने लायसन्स पाहिलं. टोपी पाहिली. धनुष्य काट्याला लावलं, पुरेपूर भरलं. मग हरीण गेलं तिकडे बघत तिने विचारलं, का सोडलंत?

"लहान होता," अण्णा म्हणाले.

केलीने धनुष्य दोन्ही हातांनी त्यांच्या मांडीवर परत ठेवलं.

"हो," ती म्हणाली. "फारच लहान होता. पुढच्या वर्षी याच जागी बघा."